भरपाई मागणे म्हणजे लोभ नव्हे

(आदिवासी सेवाकार्याच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या कुटुंबाची हकीकत यात आली आहे त्यांच्या परवानगीने, नावगाव वगळून छापत आहोत.)



दरवर्षी मी इथे उभी राहून आरोग्य शिबिरांचे आकडे वाचते. किती वाड्यांवर गेलो, किती बायांचे रक्त तपासले, किती मुलांची वजने घेतली. यंदा ते सगळे अहवालात छापलेले आहे, ते तुम्ही घरी वाचा. आज मला एका हाताविषयी बोलायचे आहे.

अकोले तालुक्यातल्या आमच्या एका वाडीवर एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो बाळहिरडा पाडायला झाडावर चढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, भंडारदऱ्याकडच्या डोंगरात चैत्र-वैशाखात हिरडा हाच आमच्या लोकांचा रोख पैसा. फांदी मोडली, मुलगा खाली आला, उजव्या हाताची हाडे कोपराखाली मोडली. बापाने दोन शेळ्या विकल्या आणि त्याला तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेले. प्लास्टर झाले, गोळ्या दिल्या, घरी पाठवले.

रात्री हात ठणकू लागला. सकाळी बोटे सुजली. आई त्याला घेऊन परत गेली, तिला सांगितले, हाड मोडल्यावर दुखणारच, गोळी दे. दुसऱ्या दिवशी बोटे निळी पडली, पुन्हा गेली, पुन्हा गोळी. तिसऱ्या दिवशी बोटांना स्पर्श कळेना. तेव्हा कुणीतरी नाशिकला न्या म्हणाले. नाशिकच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापले, आतले मांस मेलेले होते. हात कोपराखाली काढावा लागला.

माझ्या नर्स भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. प्लास्टर घातलेला हात उंच ठेवायचा, बोटे हलवायला लावायची, नख दाबून रंग परत येतो का बघायचा, आणि दुखणे वाढत चालले तर आधी प्लास्टर चिरायचे, मग बाकीचे. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या मुलाचा हात हाड मोडल्याने गेला नाही. आई दोनदा दारात येऊनही प्लास्टर कुणी उघडले नाही, म्हणून गेला.

आता माझी गोष्ट. महिनाभराने दवाखान्याकडून एक माणूस वाडीवर आला. पाकिटात पंधरा हजार रुपये होते आणि बरोबर एक कागद. त्या दिवशी मी तिथेच होते. आईने मला विचारले, "बाई, घेऊ का?" मी म्हणाले, "घे मावशी. देवाची इच्छा. आपण प्रार्थना करू." तिने अंगठा उठवला. मी त्या अंगठ्याला शाई लावून दिली, हेही सांगून टाकते.

मी बावीस वर्षे नोकरी केली. एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना पेशंट दगावल्यावर केसपेपरचे एक पान बदललेले मी पाहिले होते, आणि सकाळी घरी जाऊन झोपले होते. त्यामुळे वाडीवरच्या त्या दिवशी माझ्या तोंडून जे आले ते नुसत्या श्रद्धेतून आले असे मला म्हणता येत नाही. दवाखान्याच्या बाजूने गप्प राहण्याची सवय लागली होती. ती देवाच्या नावाने बोलली.

पुढे मुलाला काम मिळेना. एका हाताने खाचरात चिखल करता येत नाही, कांद्याची गोणी उचलता येत नाही. मग एका वकीलबाईंना मी सहज ही हकीकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी झाले?" मी म्हणाले, दोन वर्षे चार महिने. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. चार महिने आमच्या हातून निसटले होते, आणि त्याआधीची दोन वर्षे मी "देवाची इच्छा" म्हणून घालवली होती.

तेव्हापासून मी या विषयाचे जे वाचले, विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवते. मी वकील नाही. कुठे अडले तर वकिलांनाच विचारा.

आपल्या मंडळ्यांत पहिला अडसर मनाचा असतो. गेलेल्या हाताचे पैसे मागायचे? मेलेल्या बाईची किंमत करायची? ख्रिस्ती माणसाने कोर्टात जायचे? यावर मी घरी निर्गमाचा एकविसावा अध्याय काढून बसले. दोघांचे भांडण होऊन एकाने दुसऱ्याला जायबंदी केले, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि तो बरा होईपर्यंत उपचार करवावेत, असे तिथे सरळ लिहिले आहे. बुडालेली मजुरी आणि औषधपाणी. आजचे न्यायाधीशही याच दोन रकान्यांपासून सुरुवात करतात. जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत करतो म्हटले तेव्हा येशूने त्याला, राहू दे, असे सांगितले नाही. आणि लूकमधली ती विधवा न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जात राहिली. आपण तिच्यावर प्रवचने ऐकतो ती प्रार्थनेच्या चिकाटीवर. ते बरोबरच आहे. पण ती बाई मुळात दाद मागायला गेली होती, हे आपण विसरतो.

आता शेजारच्या जिल्ह्यातली एक खरी हकीकत. ही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे, कुणीही वाचू शकतो. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, असे खटल्याचे नाव.

१९६३ सालचा जुलै महिना. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात चंद्रिकाबाई बाळंतपणासाठी दाखल झाल्या. १० जुलैला बाळ झाले. १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया किती साधी असते ते आपल्याला माहीत आहे. पण त्यांना ताप चढला, पोटात असह्य दुखू लागले. पती अस्वस्थ होऊन फिरत होते. १५ तारखेला एका दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी त्यांना तपासले आणि पोट पुन्हा उघडून पाहावे असे सुचवले. ते लगेच झाले नाही. १९ तारखेला उघडले. आत कापडाचा टॉवेल राहिलेला होता, भोवती पू झालेला. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेल्या.

पती आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयात तो निकाल फिरला. शासनाचा एक युक्तिवाद असा होता की रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम आहे, त्यातल्या चुकीची भरपाई राज्याकडून मागता येत नाही. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल आला. न्यायालय म्हणाले, रुग्णालय चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, त्यात सार्वभौमत्वाचा आडोसा घेता येणार नाही. पोटात टॉवेल राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा सांगते. तो नेमका कोणाच्या हातून राहिला हे कुटुंबाला दाखवता आले नाही तरी बिघडत नाही, कर्मचारी शासनाचे, म्हणून जबाबदारी शासनाची. ३६,००० रुपये पुन्हा मंजूर झाले.

१९६३ ते १९९६, तेहेतीस वर्षे. जुलैत जन्मलेले बाळ तोवर बत्तीस वर्षांचे. १९६३ सालचे ३६,००० आणि १९९६ सालचे ३६,००० यांत किती फरक, हे घर चालवणाऱ्या बायांना मी काय सांगणार. मग या माणसाने मिळवले काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. वकीलबाई म्हणाल्या, त्यानंतर सरकारी दवाखान्यातल्या चुकीसाठी शासनाला कोर्टात उभे करताना कुटुंबे याच निकालाचा आधार घेतात. वाडीवरची बाई कुठे जाते? प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात. तिच्यासाठी हा दरवाजा एका शेजारच्या माणसाने तेहेतीस वर्षे धरून ठेवला.

आपल्या नगरचीही एक जखम आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे अकरा रुग्ण त्या दिवशी गेले. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले. ते द्यायलाच हवे होते. पण अशा पैशाला सरकारी भाषेत काय म्हणतात ते लक्षात घ्या. सानुग्रह मदत. अनुग्रह म्हणजे कृपा, जिच्यावर आपला हक्क नसतो. आपण देवाच्या कृपेवर जगणारी माणसे आहोत, त्यामुळे हा शब्द कानाला गोड लागतो. पण कृपा देवाने करावी. ज्याच्या हातून नुकसान झाले तो जेव्हा पाकीट पुढे करून कृपा करतो, तेव्हा त्याला कारण सांगावे लागत नाही, चूक मान्य करावी लागत नाही, आणि रक्कम तोच ठरवतो. पंधरा हजारांचे ते पाकीट असेच होते. भरपाई वेगळी. तिच्यात कोणीतरी तिसरा माणूस दोन्ही बाजू ऐकतो, काय चुकले ते लिहितो आणि हिशेब मांडतो.

तर जायचे कुठे? इथे आपले लोक फार गोंधळतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितले की वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात गरिबाच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे उपचार पुण्याला किंवा नाशिकला झाले असले तरी नगरच्या आयोगात जाता येते. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन तक्रार करता येते, आणि सुनावणी व्हिडिओवरून घ्या असा अर्जही करता येतो. हे शेवटचे मी वाडीवर सांगितले तेव्हा सगळे हसले. आमच्याकडे फोनला रेंज यायला टेकाडावर चढावे लागते.

जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्याला मात्र हा ग्राहक कायदा लागत नाही. पाच-दहा रुपयांचा केसपेपर काढला तरी ते पैसे दिले असे धरत नाहीत. मग काहीच नाही का? आहे. दिवाणी न्यायालय आहे, खोडवा कुटुंब तिथेच गेले होते. आणि जिवाच्या हक्काचाच भंग झाला असेल तर उच्च न्यायालय आहे, आपल्या जिल्ह्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. १९९६ सालीच बंगालमधल्या एका शेतमजुराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला. तो रेल्वेतून पडून जबर जखमी झाला होता, आणि एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले होते. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली, आणि तातडीचे उपचार देणे हे सरकारचे घटनेने बांधलेले कर्तव्य आहे असे न्यायालयाने लिहिले.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबाबत आशाताईंनी आणि आपल्या भगिनी मंडळाने एक लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेत मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया फसून दिवस गेले, तर सरकारची भरपाईची ठरलेली योजना आहे. तिथे कोणाची चूक ते सिद्ध करावे लागत नाही, पण मुदत फार थोडी असते, नव्वद दिवसांची. आपली बाई नव्वद दिवस तर लाजेने घरातच बसते. शिबिरांत बायांचे काय होते ते आपण २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ पाहिले. एका दिवसात त्र्याऐंशी बायांच्या शस्त्रक्रिया, तेरा मृत्यू. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने असली शिबिरे तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला.

आणि वकील. बंधुभगिनींनो, हे एवढे तरी घरी घेऊन जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारकडून मोफत वकील मिळतो, त्याचे उत्पन्न किती ते पाहिले जात नाही. स्त्रियांनाही तसेच. नगरला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही.

रकमेचा हिशेब कसा करतात, यावर मला थोडे बोलायचे आहे, कारण इथेच आपल्या लोकांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. गेलेल्या माणसाची कमाई किती, त्यावर बरेच ठरते. कोलकात्यातल्या एका प्रकरणात पत्नी गेलेल्या डॉ. कुणाल साहा यांनी स्वतः लढून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाकडून सुमारे सहा कोटींची भरपाई मिळवली. दोघेही अमेरिकेत राहणारे. तो हिशेब डॉलरचा होता. आमच्या मुलाकडे पगाराची पावती नाही. त्याची कमाई कोणी लिहून ठेवली? हिरड्याचे चार महिने नाहीत, चार आठवडे असतात. मग भाताची लावणी, मग जुन्नर-नारायणगावकडे मजुरी, मग वीटभट्टी. कागदावर हे सगळे मिळून शून्य.

बाईचे तर विचारूच नका. "घरकाम" असे एका शब्दात लिहितात. पण यावरही न्यायालयाने विचार केला आहे. जमशेदपूरला १९८९ साली टाटांच्या कारखान्याच्या कार्यक्रमात आग लागून पुष्कळ बायका-मुले गेली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे महिन्याला ३,००० रुपये मोल धरले. कमीच आहे. पण शून्य नाही, आणि शून्य नाही हे कुणीतरी लिहिले. म्हणून आम्ही आता वाडीवर एक करतो. कुणाचे असे नुकसान झाले की घरातला माणूस वर्षभर काय काय करत होता ते महिन्यावार लिहून काढतो. कुठल्या शेतावर लावणीला गेला, किती रोज, किती पायली भात, पाणी किती लांबून, सरपण किती. शेजारच्या दोन घरांच्या सह्या घेतो. आयोग ते मान्य करील की नाही ते आयोगाने ठरवावे. पण समोर कागद तरी असेल.

आता दुसरी बाजू मांडली नाही तर मी माझ्याच लेकींचा घात करीन. आपल्या मंडळीत घरटी एक नर्स आहे, देवाच्या दयेने डॉक्टरही आहेत. प्रत्येक मृत्यू म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट सांगितले. समंजस डॉक्टराने घ्यावी तेवढी काळजी घेतली असेल आणि तरी पेशंट गेला, तर तो डॉक्टर दोषी नाही. निदानात चूक होऊ शकते. कितीही प्रयत्न केले तरी साप चावलेला माणूस उशिरा आणला तर जातो, आमच्या डोंगरात किती गेले. अशा वेळी डॉक्टरवर धावून जाणे हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. दवाखान्याची मोडतोड, कर्मचाऱ्यांना मारहाण याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी तर पाहिले आहे, दगड मारणाऱ्या गर्दीत पेशंटचे नातेवाईक सगळ्यात मागे असतात आणि काचांचा खर्च त्यांच्यावर येतो. तक्रार अर्जाने करावी. अर्जाला उत्तर द्यावे लागते.

आणि एक कडू गोळी आपल्यासाठीच. सेवाभावी दवाखान्यांना वाटते, आम्ही गरिबाला फुकट बघतो, तो आमच्यावर काय दावा करणार? शांता खटल्यात न्यायालय म्हणते, जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि गरिबांना फुकट पाहिले जाते, तिथे फुकटचा रुग्णही पैसे देणाऱ्याइतकाच ग्राहक आहे. त्यालाही तेवढाच हक्क. म्हणजे तुम्ही दिलेल्या दानातून ज्या खाटेवर आमचा ठाकर बाबा झोपतो, ती खाट कमी हक्काची नाही. मला हे वाचून बरे वाटले. तुमच्यापैकी जे विश्वस्त आहेत त्यांना कदाचित थोडी झोप कमी लागेल, तर लागू दे. रुग्णालयाचा विमा आहे का, केसपेपर वेळेवर लिहिले जातात का, हे पुढच्या बैठकीत विचारा.

कागदाविषयी सांगून संपवते. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिल. आमच्या मुलाच्या बापाला बिल मिळालेच नव्हते, बावीस हजार रुपयांचा हिशेब औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिला होता. नशीब, आईने तो पुठ्ठा देव्हाऱ्यामागे ठेवला होता. रुग्णाने किंवा नातेवाइकाने लेखी मागितल्यावर बहात्तर तासांत कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी. नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात, त्यानंतर हात वर होतात. मृत्यू झाला आणि शंका असेल तर शवविच्छेदन मागावे. आपल्या लोकांना ते नको असते, मला कळते, अंगाला हात लावू देववत नाही. पण ते नसेल तर माणूस कशाने गेला हेच पुढे कुणाला सांगता येत नाही. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा नाही. कुणी सिस्टरबाई शाई घेऊन आली तरी नाही.

आमच्या मुलाच्या प्रकरणात जिल्हा प्राधिकरणाने वकील दिला. उशीर माफ करावा असा अर्ज जोडून तक्रार दाखल झाली. योग्य कारण असेल तर आयोग कारणे नोंदवून उशीर माफ करू शकतो, अशी कायद्यात सोय आहे. पाकिटाच्या वेळच्या कागदाने तक्रारीचा हक्क आपोआप संपत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. उशीर का झाला याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे होते. ते मी दिले आहे. पंधरा हजार घे असे मी सांगितले, मुदतीची माहिती मला नव्हती, आणि कुटुंबाचा माझ्यावर विश्वास होता, असे त्यात लिहिले आहे. सही करताना हात थरथरला. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला रडता, अजून कुठं हरलो?"

पुढची तारीख मार्चमध्ये आहे. वाडीवरून नगर शंभर किलोमीटरहून जास्त, एसटी बदलत यायचे तर आदल्या दिवशी निघावे लागते. मुक्कामाची सोय नगर मंडळीतल्या एका कुटुंबाने केली आहे. खोडवांच्या खटल्यात पोट पुन्हा उघडणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती. आमच्याकडे अजून तसा कोणी नाही. हाडांच्या एका अनुभवी डॉक्टराने कागद आणि नाशिकचा अहवाल पाहून, प्लास्टर केव्हा उघडायला हवे होते, एवढेच लेखी द्यायचे आहे. दोघांनी तोंडी सांगितले, सही कुणी करत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, नात्यात, ओळखीत असे डॉक्टर असतील, निवृत्त असले तरी चालतील, तर जेवणानंतर मला भेटा. मी मागे पाण्याच्या पिंपाजवळ बसलेली असेन, एक्स-रे माझ्या पिशवीत आहेत.